बिलाचा सीन कापलेला असतो

‘स्क्रब्ज’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या सुरुवातीला, नावे पडत असताना, छातीचा एक एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला जातो. तो उलटा लागलेला असतो. डॉक्टर एक्स-रे वाचतात तो समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे तसा. म्हणजे हृदयाची सावली पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला यायला हवी. इथे ती डावीकडे येते. मालिका २००१ साली सुरू झाली आणि जगभरच्या डॉक्टरांनी ही चूक लगेच पकडली. निर्माता बिल लॉरेन्स याने सांगितले, की ती मुद्दाम ठेवली आहे. नव्या इंटर्नला काही कळत नाही हे दाखवायला. पुढच्या एका सीझनमध्ये एक डॉक्टरीणबाई शीर्षकातच घुसतात आणि एक्स-रे सरळ करून जातात. खुलासा आधी ठरलेला होता की नंतर सुचला, देव जाणे. पण एक गोष्ट खरी, की रुग्णालयावरच्या मालिकांमध्ये इतकी बारीक चूक लोकांच्या लक्षात राहावी, एवढी बाकीची वैद्यकी या मालिकेत नीट होती.

लॉरेन्सचा कॉलेजातला एक मित्र डॉक्टर झाला होता. मालिकेचा नायक जे. डी. त्याच्यावरूनच बेतला आणि तो स्वतः सल्लागारही राहिला. बहुतेक चित्रीकरणही सेटवर झाले नाही. लॉस एंजेलिसमधले एक बंद पडलेले खरे रुग्णालय घेऊन तिथे कॅमेरे लावले. अनेक प्रसंग खऱ्या घटनांवरून उचललेले आहेत. पाचव्या सीझनमधला एक भाग तर विनोदी मालिकेत कसा बसला असे वाटावे इतका काळा आहे. एक बाई दगावते, ड्रग्जच्या अतिसेवनाने गेली असे डॉक्टर धरून चालतात, तिचे अवयव तीन रुग्णांना बसवतात आणि तिघेही जातात, कारण तिला रेबीज झालेला असतो. असे खरेच घडले होते, २००४ साली टेक्ससमध्ये. तिथल्या अवयवदात्याच्या तपासणीतही कोकेन सापडले होते, मेंदूत रक्तस्राव होता, त्यामुळे दुसरे काही शोधायचे कोणाच्या मनात आले नाही. नंतर कळले, की त्याला वटवाघूळ चावले होते. त्याचे अवयव आणि एक रक्तवाहिनी यांतून चार जणांना रेबीज झाला. चौघेही वाचले नाहीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की औषध जवळपास निरुपयोगी ठरते. जे करायचे ते चावल्यावर लगेच. हे गोव्यातल्या पेडण्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. ‘मिशन रेबीज’ या संस्थेची माणसे जाळी घेऊन गोव्याच्या वाड्यावाड्यांत कुत्र्यांना लस टोचत फिरली आहेत, आणि २०२१ साली गोवा हे देशातले पहिले ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झाले.

मालिका चुकतात त्या ठरलेल्या जागी. मॉनिटरवर सरळ रेघ येते, डॉक्टर दोन्ही हातांत पॅडल घेतो, ‘बाजूला व्हा’ म्हणतो, रुग्ण गादीवरून उसळतो आणि रेघ पुन्हा नाचू लागते. सरळ रेघेला शॉक देत नाहीत. शॉक लागू पडतो तो हृदय वेडेवाकडे थरथरत असताना. पूर्ण थांबलेल्याला छाती दाबणे आणि अॅड्रेनलिन, एवढेच. १९९६ साली तीन संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तीन अमेरिकी मालिकांचा हिशेब मांडला. पडद्यावर छाती दाबलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचत होते. प्रत्यक्षात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी घरी परत जाणारे शंभरात दहाच्या आसपास, पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी. याचा त्रास आपल्याकडे वॉर्डात होतो. मुलगा म्हणतो, ‘डॉक्टर, शॉक का नाही दिला?’ त्याने तो पन्नास वेळा टीव्हीवर दिलेला पाहिलेला असतो.

दमणूक मात्र मालिका खरी दाखवतात. इंटर्न उभ्या उभ्या झोपतो, वरिष्ठाला घाबरतो, नर्सला विचारून औषध लिहितो आणि नंतर तिच्यावरच रुबाब करतो. अमेरिकेत निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली गेली ती २००३ मध्ये, ‘स्क्रब्ज’ सुरू झाल्यानंतर. तिच्यामागे १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीचा झालेला मृत्यू आणि तिच्या वडिलांनी दिलेला लांबलचक लढा होता. आपल्याकडे १९९२ पासून केंद्राचा नियम आहे, सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको. तो नियम कुठल्याही मेडिकल कॉलेजातल्या निवासी डॉक्टरला वाचून दाखवा. विनोदी मालिकेची गरज उरणार नाही.

आता या मालिकेचे रुग्णालय उचलून कोरगावच्या माणसाच्या वाटेवर ठेवून पाहू. कोरगाव पेडणे तालुक्यात. अंगात कणकण असली तर गावातले डॉक्टर, त्याहून जास्त असेल तर तुये किंवा कासारवर्णे येथील सरकारी केंद्र. तुयेला मोठे हॉस्पिटल बांधले गेले आणि इमारत उभी राहूनही कित्येक वर्षे ते सुरू होईना, म्हणून पेडणेकरांना रस्त्यावर उतरावे लागले, तो एक वेगळाच तमाशा. त्यापुढे म्हापसा, तिथल्या जिल्हा रुग्णालयाला लोक अजून जुन्या सवयीने ‘आझिलो’च म्हणतात. आणि सगळ्याच्या शेवटी बांबोळी. ‘त्याला बांबोळीला नेला’ एवढे वाक्य ऐकले, की घरातले उठून उभे राहतात. कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, मांडवी ओलांडून पणजी, मग गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. १८४२ मध्ये पोर्तुगिजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचा हा वंश. आशियातल्या सर्वांत जुन्या पाश्चात्त्य वैद्यक शाळांमध्ये तिची गणना होते.

या वाटेवरचा सर्वांत नाट्यमय बदल कुठल्याही मालिकेत दिसत नाही, कारण तो दिसायला अगदी कंटाळवाणा आहे. छातीत कळ येऊन माणूस तालुक्याच्या केंद्रात आला, की तिथे ईसीजी काढतात, तो मोबाइलच्या जाळ्यावरून तज्ज्ञाकडे जातो, काही मिनिटांत उत्तर येते आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच, फुकट, दिले जाते. मग १०८च्या रुग्णवाहिकेने बांबोळी. ‘स्टेमी गोवा’ नावाने हे २०१८च्या अखेरीस सुरू झाले. हृदयविकाराच्या झटक्यात स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, त्यामुळे चाळीसेक किलोमीटरच्या प्रवासाआधी मिळालेले इंजेक्शन हे प्रवासानंतर भेटलेल्या नामवंत सर्जनपेक्षा मोलाचे. पण टीव्हीवर काय दाखवणार? एक नर्स कागदाची पट्टी फोनपुढे धरून उभी आहे, एवढेच.

अमेरिकी मालिका पाहताना आपल्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. वॉर्ड ओसाड वाटतो. थोड्या वेळाने लक्षात येते, की त्यात नातेवाईक नाहीत. एखादी बायको, एखादा मुलगा खुर्चीत बसून रडतो, डॉक्टरशी बोलतो आणि जातो. आपल्याकडे नातेवाईक हे रुग्णालयाचे बिनपगारी खाते आहे. स्ट्रेचर ढकलणे, रक्ताची बाटली ब्लड बँकेतून आणणे, नमुना लॅबला पोचवणे, बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणणे, रात्री खाटेखाली चादर अंथरून झोपणे, सकाळी राउंड येण्याआधी ती गुंडाळणे आणि सलाइन संपत आले की सिस्टरला हाक मारणे. कॅज्युअल्टीच्या दारात पहिला प्रश्न येतो तोसुद्धा नातेवाइकालाच: ‘कार्ड हाडलां?’ आणि एक काका पिशवीत हात घालतात. पिशवीत प्लास्टिकच्या जाड कव्हरात आधार, रेशनकार्ड, दीनदयाळ योजनेचे कार्ड, मागच्या खेपेचा केसपेपर, दोन एक्स-रे आणि बहुधा २०१४ सालची एक सोनोग्राफी असते, जिचा आजच्या दुखण्याशी काही संबंध नसतो. तरी ती बरोबर असते, कारण डॉक्टरने मागितली आणि नसली तर पेडण्याला परत कोण जाणार?

पैशाचा विषय इथूनच सुरू होतो. विनोदी मालिका पैशाबद्दल गप्प असतात असे नाही. ‘स्क्रब्ज’मधला डॉ. केल्सो हा रुग्णालयाचा प्रमुख पहिल्या भागापासून विचारतो, याचा विमा आहे का? नसला तर वाट दाखवा. तो खलनायक, आणि डॉक्टर मंडळी त्याची नजर चुकवून गरिबाला वाचवणार. पण एका भागात हे चित्र उलटते. एका नव्या औषधाच्या चाचणीत एकच जागा उरलेली असते. केल्सो ती श्रीमंताला देतो, गरीब मरतो, सगळे त्याच्यावर तुटून पडतात. नंतर कळते, की त्या श्रीमंताच्या देणगीतून पैशाअभावी बंद पडलेले गरोदर बायकांचे केंद्र पुन्हा सुरू होणार आहे. रुग्णालयाच्या अर्थकारणाबद्दल विनोदी मालिकेने यापेक्षा खरे क्वचितच काही सांगितले असेल: पैसा कुठून तरी यावा लागतो आणि तो येतो तेव्हा कोणाची तरी खाट हलते. २०२४ मध्ये सुरू झालेली ‘सेंट डेनिस मेडिकल’ तर पैशाच्या चणचणीवरच चालते. ओरेगनमधल्या एका आडगावचे रुग्णालय, आणि त्याला मोठे करण्याची स्वप्ने पाहणारी त्याची संचालिका.

पण प्रत्यक्ष बिल, म्हणजे कागद, पडद्यावर येत नाही. याचे कारण लेखकांचा भित्रेपणा असावा असे मला आधी वाटे. अमेरिकी बिलाची रचना पाहिल्यावर कळते, की कारण वेळेचे आहे. १९८६च्या कायद्याने तिथल्या इमर्जन्सी विभागाला आलेल्या माणसाला तपासावेच लागते आणि स्थिर करावेच लागते, पैशाचे नंतर. रुग्णालयाकडे प्रत्येक गोष्टीचा छापील दर असतो, जो जवळपास कोणीच पूर्ण भरत नाही. विमा कंपनी त्यावर आपली ठरलेली सूट काढते, मग वर्षातली ठरावीक रक्कम रुग्णाने आधी स्वतः भरायची, नंतर प्रत्येक वेळी थोडा वाटा द्यायचा. हा हिशेब होऊन पाकीट घरी येते ते काही आठवड्यांनी. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरचे पाकीट वेगळे. माणूस बरा होऊन ऑफिसला जाऊ लागलेला असतो तेव्हा हा धक्का बसतो. भूल देणारा डॉक्टर विम्याच्या यादीत नव्हता म्हणून आलेल्या अशा अचानक बिलांना आळा घालणारा कायदा तिथे २०२२ मध्ये लागू झाला. बावीस मिनिटांचा भाग डिस्चार्जला संपतो. बिल त्याच्या पुढे सुरू होते. अमेरिकी लेखकाला बिल कापावे लागत नाही, ते आपोआप बाहेर राहते.

आपल्याकडे क्रम उलटा. खाजगीत पैसा आधी: डिपॉझिट भरा, मग वर न्या. त्यामुळे आपल्या पडद्यावरचा पैशाचा सीन दाराशीच असतो. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’मध्ये (२००३) मुन्ना विचारतो, की कोणी मरायला टेकला असेल तर त्याच्याकडून फॉर्म भरून घेतलाच पाहिजे का. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या चौदा वर्षे आधी, १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात देऊन ठेवले होते: जखमीला आधी वाचवा, पोलिसांचे आणि कागदांचे नंतर, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे. टाळ्यांचा कडकडाट ऐकून कळते, की निकाल दारापर्यंत पोचलेला नव्हता. मराठीत २०२० मध्ये झी युवावर ‘डॉक्टर डॉन’ आली. डॉन मेडिकल कॉलेजात शिरतो, प्रेमात पडतो, गोंधळ घालतो. कॅश काउंटरवर मात्र तो कधी रांगेत दिसत नाही. डॉनच तो.

दुसरा प्रसंग ‘गब्बर इज बॅक’मधला (२०१५), मुळात २००२च्या तमिळ ‘रमणा’तला. आधीच मेलेला माणूस खाजगी रुग्णालयात आणतात, डॉक्टर त्याला ‘दाखल’ करून घेतात, उपचारांच्या नावाखाली लाखोंचे बिल करतात. मोबाइलवर ही चित्रफीत अजून फिरते, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या नातेवाइकांच्या मनात ती असते. वैद्यकीदृष्ट्या ती टिकत नाही. हृदय बंद पडलेले शरीर काही तासांत थंड आणि ताठ होते, यंत्राने ते लपत नाही. मेंदू मृत आणि हृदय चालू, ही अवस्था वेगळी. तिथे छाती खरोखर वर-खाली होत असते आणि म्हणूनच संशय वाढतो. औषधाच्या बाजूने सीन खोटा, पण त्यातला राग बिलातून आलेला आहे. २०१७ मध्ये गुरुग्राममधल्या एका खाजगी रुग्णालयात डेंग्यूने गेलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांना सोळा लाखांच्या आसपास बिल आले. पंधरा-एक दिवसांत सहाशेहून जास्त सिरिंज. भागाकार केला तर दिवसाला चाळीसच्या वर. त्यानंतर औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार रुग्णालयांची बिले उसवली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७०० टक्क्यांच्या वर निघाला. २०१७च्याच फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटची किंमत सरकारने बांधली होती. औषध लावलेला स्टेंट, जो लाखाच्या वर विकला जात होता, तो २९,६०० रुपयांवर आला.

वस्तू मोजून बिल केले, की वस्तू वाढतात. म्हणून दुसरी पद्धत आली: आजाराला किंवा ऑपरेशनला एकच ठोक रक्कम, मग सिरिंज दोन लागोत की दोनशे. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्याने हे १९८३ मध्ये सुरू केले. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, २०१६ मध्ये सुरू झालेली, याच तत्त्वावर आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख, आणि ठरलेल्या सुमारे साडेचारशे उपचारांना ठरलेले दर. पाच वर्षांचा रहिवास हवा. उत्पन्नाची अट नाही, हे तिचे वैशिष्ट्य. यातही पळवाट असते, फक्त ती उलट्या दिशेने जाते: ठोक रकमेत न परवडणारा, गुंतागुंतीचा रुग्ण खाजगीला नको असतो, ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही’ हे वाक्य काउंटरवर ऐकू येते, आणि तो रुग्ण फिरून बांबोळीला येतो.

सरकारी रुग्णालयात पैशाची जागा कागद घेतात, आणि सीमेवरच्या लोकांइतके हे कोणाला कळत नाही. तेरेखोल नदीच्या अलीकडे पेडणे, पलीकडे महाराष्ट्रातले सातार्डा, आरोंदा, सावंतवाडी. सोयरिकी नदी ओलांडून होतात, दशावतारी कंपन्या ओलांडून येतात, आणि दुखणी तर पिढ्यान् पिढ्या बांबोळीलाच आली. १ जानेवारी २०१८ पासून गोमेकॉने गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. एका आईच्या दोन मुली, एक कोरगावात दिलेली, एक सातार्ड्यात. एकाच वॉर्डात शेजारी खाटा पडल्या तर एकीला कार्ड, दुसरीला पावती. सीमेपलीकडच्या दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, पुढे महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेतून वाट काढायचे प्रयत्न झाले. गोव्याची बाजूही खोटी नव्हती. खाटा मोजक्या, कर गोवेकराचा. पण केल्सोने खाट कोणाला द्यायची हा प्रश्न श्रीमंत-गरीब असा सोडवला होता. इथे तो पत्त्यावर सुटतो, आणि त्यावर विनोद करायला अजून कोणी धजावलेले नाही.

गोमेकॉत कॅमेरा शिरला तो वेगळ्याच कारणाने. ७ जून २०२५ रोजी आरोग्यमंत्री विश्वजित राणे कॅज्युअल्टीत आले आणि कॅमेऱ्यासमोर तिथल्या डॉक्टरला झाडून निलंबित करायला सांगितले. एका वृद्धेला बी-१२चे इंजेक्शन नाकारले, अशी तक्रार होती. चित्रफीत देशभर गेली, डॉक्टर संतापले, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी निलंबन होणार नसल्याचे जाहीर केले, मंत्र्यांनी माफी मागितली. मंत्र्याच्या बोलण्याची चर्चा झाली ती योग्यच. पण त्याखालचा प्रश्न कोणी फारसा उचलला नाही. बी-१२ हे तातडीचे इंजेक्शन नव्हे. ते गावाजवळच्या केंद्रात मिळायला हवे. तिथे सुट्टीच्या दिवशी कोणी टोचून देत नसेल, तर लोक अपघात विभागात येणारच, आणि अपघात झालेला माणूस त्यांच्या मागे रांगेत राहणार. मालिकेत हा प्रसंग लिहिला असता तर संपादकाने ‘जरा जास्तच होते’ म्हणून कापला असता.

मालिकेतला डिस्चार्ज हा एक कट असतो. डॉक्टर पाठीवर थाप मारतो, पुढच्या दृश्यात खाट रिकामी. खाजगी विमा असलेल्याचा खरा डिस्चार्ज असा: सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, घरी जा. पिशवी भरलेली, सुई काढलेली, चप्पल घातलेली, आणि रुग्ण खाटेच्या कडेला बसून. बिल विमा कंपनीकडे गेले आहे, तिकडून ‘क्वेरी’ आली आहे, एक रिपोर्ट कमी आहे, तो देणारा माणूस जेवायला गेला आहे. मुलगा तिसऱ्यांदा खाली जाऊन येतो. दुपार टळली तर आणखी एक दिवस खोलीचे भाडे. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये बजावले, की डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, आणि उशीर झाला तर वाढलेला खर्च विमा कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायचा. बावीस मिनिटांच्या हिशेबाने तीन तासांत विनोदी मालिकेचे आठ भाग बसतात.